नको म्हणलं की वाढायचं

टोपी? नाय ओ अक्का, टोपी कुणी काढून घेतली नाही — फोटोतच नाही टोपी. पासपोर्टचा फोटो आहे तो. घरात तेवढाच नवा होता, तोच तात्यासाहेब भावजींनी मोठा करून आणला, फ्रेम केली, हार घातला. येणारा प्रत्येक माणूस तेच इचारतो — काकासाहेबांची टोपी कुठं गेली? सांगायचं तरी किती जणांना — आधी बसा तुम्ही. खाली नका बसू, त्या पायानं परत उठता येणार नाही, खुर्ची घ्या. कालपरवा प्लास्टर काढलं अन् लगेच खुलताबादहून जीपनं आलात, घाटात हाडं खिळखिळी झाली असतील — पण तुम्ही काय ऐकताल होय कुणाचं. पाठचा भाऊ गेला अन् शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, मला काय कळत नाही का? रडा. रडून घ्या. माझं तर रडूच आटलं बघा, काय झालंय कुणाला ठाऊक, बाया गळ्यात पडतात अन् मीच त्यांना पाणी देते.

तर तो फोटो. विश्वजीत म्हणला होता ना, सगळे मिळून स्वित्झर्लंडला जाऊ, टूर असती, जेवणखाण सगळं तेच बघतात, आई-आबा तुम्ही पण चला. म्हणून फोटो काढायला गेलो. स्टुडिओवाला म्हणला, बाबा, टोपी काढा, कान दिसले पाहिजेत. झालं! हे उखडले — माझे कान काय बघायचेत, मी काय बाजारात उभा केलेला बैल आहे का? लग्नात नाही काढली टोपी ह्या माणसानं, तुम्हीच सांगा. उठून निघालेच होते. तर शिवम म्हणला, आबा काढा ना, नाहीतर विमानात घेत नाहीत — अन् काढली. एका शब्दात. नातवाच्या हातात दिली टोपी अन् बसले बिनटोपीचे. बघा कसे हसायलेत फोटोत, लेकरासारखे. मी म्हणले, अहो, तुमचं डोकं तर चांगलं गोरं आहे की! — ते हसू आहे ते.

मग नाही नेलं आम्हाला. गुडघे, अक्का, ह्यांचे गुडघे. सूनबाईनं, श्रेयानं टूरवाल्याला इचारलं तर तो म्हणे डोंगरावर लई चालावं लागतंय, थंडी लई असती. विश्वजीत म्हणला, पुढल्या साली तुम्हा दोघांना दुबईला नेतो, तिथं सगळं सपाट आहे, लिफ्टच लिफ्ट. हे म्हणले, बरोबर आहे. मी पण म्हणले, बरोबर आहे. पासपोर्ट दोन्ही कपाटात ठेवून दिले, माझ्या शालूच्या घडीत. अन् मी त्यांच्यासोबत चिवडा दिला, शंकरपाळ्या दिल्या, तिकडं लेकरांना काय खायला मिळतंय कुणाला ठाऊक — हे गेटपर्यंत गेले सोडायला, नातीच्या, अपेक्षाच्या हातात लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या, विमानात कान दुखतात म्हणून. ह्यांना कुणी सांगितलं होतं काय माहीत.

तिकडून रोज फोटो यायचे. तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत बसायचे हे, आंघोळ झाली की चष्मा लावून. दोन बोटांनी फोटो मोठा करायला अपेक्षानं शिकवलं होतं, मग काय, एकेक फोटो इतका मोठा करायचे की नुसतं नाकच दिसायचं. डोंगर बघायचेच नाहीत. लेकरांची तोंडं बघायचे — ही सुकली का, त्याला सर्दी झाली का. त्या दिवशी दुपारी शिवमचा फोटो आला, दोन्ही हातात बर्फ धरून उभा. हे म्हणले, सारजा, पोराच्या हातात मोजे नाहीत बघ, फोन लाव, मोजे घाल म्हण त्याला. मी म्हणले, चहा ठेवलाय, तो आणते मग लावते. आणला चहा. तर मोबाईल मांडीवर, मान अशी बाजूला — अन् बोटं तशीच, अक्का. फाकवलेली. फोटो मोठा करता करताच गेले तुमचे भाऊ. ना हाक, ना काही. नशीबवान म्हणतात सगळे.

विश्वजीत? — मला ठाऊकच होतं तुम्ही तिथंच येणार. माहीत नाही त्याला. खरंच सांगायले, सांगितलंच नाही त्याला. मीच सगळ्यांना दम दिला, कुणी फोन करायचा नाही, कुणी मोबाईलवर काही टाकायचं नाही, लेकरांची सहल मोडायची नाही. अग्नी भावजींनी दिला, झालं ना? भाऊ काय परका असतो? दहावा पण तेच करतील. पोरगं परक्या देशात, बायको-लेकरं सोबत, असं अर्ध्यातून कळलं असतं तर वेडंपिसं झालं असतं — नाही, तुम्ही काय बोलायलात ते भावजींनी सांगितलंय मला. तेराव्याला विश्वजीतच्या डोक्यावर टोपी घालू देणार नाही म्हणे. कर्त्याची टोपी भावजींच्या पोराला द्या म्हणे, जो पोरगा बापाला खांदा द्यायला आला नाही त्याचं काय — असं म्हणाल्या का नाही तुम्ही? घरात तुम्ही मोठ्या, तुमचा शब्द कुणी मोडणार नाही, भाऊबंद सगळे तुमच्याकडं बघणार. म्हणून तर हात जोडते. त्याचा काय दोष? त्याला माहीतच नाही. तेराव्याच्या आत येतात ते. बापाची टोपी त्याचीच आहे, सगळ्यांदेखत दुसऱ्याच्या डोक्यावर गेली तर तो ह्या गावात, तिकडं आपल्या करमाडात, परत तोंड दाखवंल का? अन् मग माझं कोण राहिलं?

काय बघायलात — ते? ते टिकल्यांचं पाकीट आहे. माझंच आहे. आता बोलताल तुम्ही, नवरा जाऊन किती दिस झाले अन् बाई टिकल्या घेऊन बसली — अहो, ती मला हौस आहे का? फोन येतो ना तिकडून. तोंड दिसणारा. मोकळं कपाळ दिसलं की कळंल ना त्यांना. म्हणून तेवढ्यापुरती लावायची अन् फोन ठेवला की काढायची. हातात काही नाही, तर हात पदराखाली धरते. शिवम इचारतो, आबा कुठंत? मी म्हणते, करमाडला गेलेत, वावरात, मोटर बिघडलीय बोअरची, तिथं रेंज नाही. रोज मोटर बिघडवते मी. पहिल्या दिवशी माझ्या ध्यानातच नव्हतं, तशीच बसले फोनपुढं, तर विश्वजीतच म्हणला, आई, आधी टिकली लाव, लेकरं येतील आता समोर, त्यांना नाही सांगितलं अजून —

पाणी देऊ का तुम्हाला? माठातलं आहे. — अशा नका बघू, अक्का. नाही, मी काय म्हणले? मी म्हणले का विश्वजीत म्हणला? तो कशाला म्हणंल, त्याला काय — श्रेया म्हणली असंल. नाही, तिला तरी कुठं — जाऊ द्या. जाऊ द्या ना. तोंडातून गेलं ते गेलं.

माहीत आहे त्याला. पहिल्या घडीपासून माहीत आहे. भावजी डॉक्टर आणायला पळाले, शेजारची बाई बाहेर माणसं बोलवत होती, मी आत एकटी, ह्यांच्या मांडीवरचा मोबाईल उचलला अन् त्याच्यावरूनच लावला. त्यानं उचलला, म्हणला, आबा, बर्फ बघितला का? — आबा म्हणूनच उचलला त्यानं. मी म्हणले, विश्वजीत, तुझे आबा गेले रे. मग नुसता वारा यायला तिकडून. मग रडला. लई रडला अक्का, खोटं नाही सांगत, माझं पोरगं दगड नाही. अन् रडून झाल्यावर म्हणला, आई, येऊ का?

आता तुम्ही सांगा. बाप मेला अन् येऊ का असं इचारायचं असतं? पण इचारलं. अन् मी म्हणले — नको. त्या घडीला मला शिवमच्या हातातला तो बर्फच दिसत होता. म्हणले, नको रे बाळा, लेकरांची सहल मोडू नको, माणूस तर गेला, तू येईपर्यंत ह्या उन्हात मयत थोडंच ठेवता येतंय, भावजी आहेत, करतील सगळं, नको येऊ. अन् तो म्हणला — बरं.

बरं! एवढंच. अक्का, आपल्याकडं नको म्हणजे काय असतंय? तुमच्या भावाला इचारा — कुठून इचारताल आता. करमाडच्या पंगतीत बुंदीची बादली घेऊन निघाले की लोक दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे, नको नको काकासाहेब, अन् हे त्यांच्या बोटांवर बुंदी ओतायचे. विश्वजीतला त्यांनीच शिकवलं, एवढासा होता, हातात पळी दिली अन् म्हणले, नको म्हणलं की वाढायचं, भुकेला माणूस लाजतो. अन् वाढायचा की तो! तुमच्या नातीच्या लग्नात व्याह्यांना जिलबी वाढून वाढून बेजार केलं ते त्यानंच ना? ते बिचारे उठून पळायला लागले तरी ह्यानं सोडलं नाही. तेव्हा त्याला बरोबर कळत होतं. मग आईच्याच नकोला काय झालं? मी नको म्हणले तर एकदा तरी म्हणायचं होतं — नाही आई, येतोच. मग भले पोचला नसता. विमान नसतं मिळालं, उशीर झाला असता, काही झालं असतं. पण म्हणायचं तरी.

मी फोन ठेवून दारात येऊन बसले. गाडीचा आवाज आला की उठायचे. मलाच कळत होतं, अहो, तो समुद्रापलीकडं आहे, गाडीनं कसा येईल — पण उठायचेच. भावजी म्हणले, वैनी, सगळे आले, आता कुणासाठी थांबायचं, उचलू का? मी म्हणले, थांबा जरा. का थांबा ते मला सांगता येईना. परत म्हणले, थांबा जरा. मग ते बाहेर गेले अन् उचललं.

तेवढंच आहे. आता तुम्हाला काय करायचं ते करा. पण टोपी त्याच्याच डोक्यावर घाला, अक्का. मी सगळ्यांना सांगितलंय त्याला माहीत नव्हतं, तुम्ही पण तेच सांगा. दोष द्यायचा तर मला द्या, मी नको म्हणले होते.

वाजायला बघा — तेच असतील. तिकडं आता सकाळ असती, नाश्ता करून लावतात. ते पाकीट द्या इकडं. — नाही, मला नाही जमत, टिकली बोटालाच चिकटायली. तुम्हीच लावा. कळतंय मला काय मागायले तुमच्याकडं. तुमच्याच भावाचं कुंकू पुसलेलं आहे हे. लावा अक्का, फोन बंद होईल. त्या लेकरासाठी लावा. — हां. मधोमध आली का? — डोळे पुसा तुमचे. तो टॉवेल टाका फोटोवर, हार दिसतोय मागं. अन् तुम्ही दाराआड सरका, आवाज करू नका, ह्याच्यात सगळं ऐकू जातंय.

हां रे माझ्या राजा! दिसायलास, दिसायलास. — मोजे घातलेस का हातात? दाखव. — आबा? आबा करमाडला गेलेत रे. त्या मोटरीनं पार वैताग आणलाय. — चाकलेट घेतलं आबासाठी? ठेव, ठेव नीट, वितळू देऊ नको. — दे, पप्पाकडं दे. — हां, विश्वजीत. व्हय, जेवले. — व्हय, सगळं नीट चाललंय, भावजी आहेत ना. — काय? — तिकडून काय आणू? मला?

नको रे. काही नको.