खोकला कधीपासून?

मुलगी: थांबा हो बाबा, एका वेळी एक. साथरोगशास्त्राच्या तीन पदव्या आहेत आणि तुम्ही तिन्हींवर बोट ठेवताय.

बाबा: ठेवणारच. सगळी नोकरी गुरांच्या साथींमागे पळण्यात गेली, आता माणसांच्या मागे जाऊ दे की. गुरांच्या डॉक्टरला घेतात ना, ते बघ आधी.

मुलगी: घेतात. हे बघा, पशुवैद्यकाची पदवी चालेल असं स्पष्ट लिहिलंय.

बाबा: तुझी आई असती तर म्हणाली असती, सुटल्या बिचाऱ्या म्हशी.

मुलगी: आई म्हणाली असती, आता रीतसर चौकशा करा. मावशीच्या लग्नात सगळ्यांची पोटं बिघडली, तेव्हा तुम्ही एकेकाला गाठून विचारत होतात, काय काय खाल्लंत म्हणून. आई म्हणाली, लग्नाला आलायत की पंचनाम्याला?

बाबा: पण आइस्क्रीमच निघालं की नाही शेवटी?

मुलगी: आचारी अजून तुमच्याशी बोलत नाही.

बाबा: नको बोलू दे. पुढे वाच.

मुलगी: पहिली एमपीएच, सार्वजनिक आरोग्याची. दोन वर्षं. शेवटच्या सत्रात साथ आली की पथकाबरोबर घरोघर जायचं. दुसरी एमएस्सी. तिच्यात संख्याशास्त्र जास्त, वर प्रबंध. तिसरी पीएचडी.

बाबा: ती होईपर्यंत मी टिकायला हवा. काढून टाक ती.

मुलगी: मग एमएस्सी बरी. घरी बसून करता येते.

बाबा: घरीच तर बसलोय. गेल्या रविवारी तूसुद्धा आली नाहीस.

मुलगी: सर्दी होती.

बाबा: आणि त्याच्या आधीच्या?

मुलगी: तेव्हाही घसा जरा... बाबा, एक विचारू?

(ती लॅपटॉप अर्धा मिटते.)

मुलगी: आईला न्यूमोनिया कुणामुळे झाला, ते शोधायला चाललंय का हे सगळं?

बाबा: आधी तसंच होतं.

मुलगी: आई गेल्यावर भेटायला आलेल्यांनाही तुम्ही विचारलंत, खोकला कधीपासून? काकांना विचारलंत, शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला. मला नाही विचारलंत. आई आजारी पडायच्या आधी मी इथे खोकत होते.

बाबा: ऐकू येत होतं मला.

मुलगी: मग?

बाबा: मग काय. तुझ्यापर्यंत आलो आणि विचारणंच सोडलं. परवा विद्यापीठातल्या बाईंना भेटलो. म्हटलं, एखाद्या माणसाला आजार कुणापासून झाला, हे सांगता येतं का? म्हणाल्या, आता इतक्या उशिरा नाही येत. पण तो पुढच्या घरात जाऊ नये म्हणून काय करायचं, ते शिकवतो आम्ही. अगं, मला इतका आनंद झाला की रिक्षात छत्री विसरून आलो.

मुलगी: तरीच. मला वाटलं, तुम्ही मला टाळताय म्हणून विचारलं नाहीत.

बाबा: तुला टाळून जाऊ कुठे मी? त्या पथकवालीचा अर्ज भर.

मुलगी: एमपीएच. वर्गात सगळी पोरंपोरी असतील हां. आजोबा म्हणतील.

बाबा: म्हणू देत. पहिल्या बाकावर बसेन, लांबचं दिसत नाही म्हणून. एखाद्याशी डबा वाटून खाईन.

मुलगी: नक्की ना? दाबू बटण?

बाबा: दाब. आणि रविवारी येत जा. सर्दी असली तर मास्क लावून ये, खिडक्या उघड्या ठेवू.