न्हाणीच्या पाण्यावरचं अळू

आमचे आजोबा नगरकडून आले, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून, तेव्हापासून आम्ही इंदूरचेच, घरात मराठी बोलतो पण बाहेर सगळी हिंदी, भावालासुद्धा भिया म्हणायचं, नातवंडं तर प्रार्थनासुद्धा हिंदीत करतात, चलो ठीक है. माझं नाव सुलोचना. लग्न होऊन इंदूरजवळच सिमरोलला आले, आमचे हे, म्हणजे मिस्टर, तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात माळी होते, आणि मीपण तिथेच, ठेक्यावर, झाडांना पाणी घालते, पाला गोळा करते, वाकून वाकून कंबर जाते बघा.

काय सांगू तुम्हाला, ह्यांचा विश्वास एकदम पक्का. घरामागे जराशी जागा, तिथे गिलकी, भेंडी, कद्दू लावायचे, आणि जेवायच्या आधी डोळे मिटून उपकार मानायचे, प्रभू, ऊन तू दिलंस, पाणी तू दिलंस, बी तुझ्याच सांगण्यावरून उगवतं. भाजी गार होऊन जायची, मी म्हणायची, आवरा आता.

आणि ह्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला, उजवा हात गेला, बोलणं तोंडात अडकायला लागलं. तेव्हापासून ताटावर बसतात पण डोळे मिटत नाहीत. मी चमच्याने भरवते, म्हणते, अहो, उपकार म्हणा ना, तर तोंड फिरवतात. एकदा बोलले, कशाचे. बस, एवढंच. हात गेला ते मी सोसेन, पण हा माणूस देवाला सोडून जाईल की काय, ही भीती मला खायला लागली.

आमच्या चर्चमध्ये पावसाळ्यानंतर हंगामाचा सण असतो, आपल्या जमिनीत उगवलेलं वेदीपुढे ठेवायचं, विकत घेतलेलं नाही. आजकाल शहरातले लोक मंडीतून सेब आणतात, कुणी काही बोलत नाही, पण ह्यांना ते कधी चाललं नाही. यंदा वाफे तसेच पडलेले, पेरणार कोण, मी ड्यूटीवरून आले की ह्यांचं अंग पुसायचं, कपडे, स्वयंपाक. मुलगी म्हणाली, आई, मी पपई घेऊन येते, कोण बघतंय. तर ह्यांनी खाटेवरूनच डाव्या हाताने नाही नाही केलं.

मग मी मागे गेले, तर न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू, ही एवढाली पानं, कुणी लावलं नाही, कुणी बघितलं नाही. खरं सांगू, मला रागच आला. म्हटलं देवा, तुझा सगळा कारभार बराबर चालू आहे, पाऊस वेळेवर, पान वेळेवर, आणि माझा माणूस तेवढा मोडून ठेवलास. रडले तिथेच. मग विळा घेतला. लाजही वाटत होती, मोरीचं अळू वेदीवर न्यायचं, पण दुसरं होतं काय. मागच्या दारातून हे खाटेवर पडल्या पडल्या बघत होते, म्हणाले, देठ लांब ठेव. किती दिवसांनी स्वतःहून काही बोलले.

नेलं मी, ठेवलं कुणाच्या तरी सोयाबीनच्या पोत्याशेजारी. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, सुलोचनाबाई, साक्ष द्या, देवाने यंदा काय केलं ते सांगा. मी उभी राहिले, म्हटलं, मी थकले आहे, यंदा काही लावलं नाही, हे आपोआप आलं म्हणून आणलं. आणि बसले.

आता घरी उपकार मीच म्हणते, चटकन, पाय दुखत असतात. हे अजून म्हणत नाहीत. शेवटी फक्त आमेन म्हणतात, तेही तोंडातून अर्धंच निघतं. मी म्हणते, प्रभू, तू एवढ्यावर समजून घे.