सिद्धारामला दिसतील अशी अक्षरं

कलीम : बास कर की हर्षाली. संस्थेला मुलाखती टाइप करून वर्डची फाइल हवी होती, ती गेली. भूकंपाच्या मुलाखती ऐकून ऐकून कान किटले माझे.

हर्षाली : धुरपदाबाईंचं राहिलंय. बाहेर बसल्यात. त्यांच्या सिद्धारामदादाला ऐकू येत नाही, त्याला आईची मुलाखत बघायचीय.

कलीम : मग तीच फाइल छापून दे. वाचता येतं न्हवं त्याला?

हर्षाली : कागदावर आई कुठं दिसती? आई बोलताना खाली अक्षरं पाहिजेत त्याला.

कलीम : एसआरटी काढ, नुसत्या अक्षरांची वेगळी फाइल. वेळा तर टाकलेल्याच हायत.

हर्षाली : काढली. त्याच्याकडं आहे तसल्याच फोनवर लावून बघितली. व्हिडिओ चालतो, अक्षरं उमटत नाहीत. वेगळी फाइल तो फोन घेतच नाही.

कलीम : मग व्हिडिओतच चिकटव. पण एकदा चिकटवलं की काना-मात्रासुद्धा बदलता यायचा न्हाय. नीट बघून घे.

हर्षाली : म्हणूनच अडलंय. मावशी, आत या.

(धुरपदाबाई येऊन खुर्चीत टेकते.)

धुरपदाबाई : झालं का गं बाय? पाय लई दुखायलेत.

हर्षाली : मावशी, भूकंपाच्या रात्री अयोध्याताई दादाला उठवायला घरात माघारी गेली, हे त्याला ठाऊक आहे का?

धुरपदाबाई : न्हाय. त्याला सांगितलंय, बहीण झोपंतच गेली. आमी सगळी आंगणात वरडत हुतो, ह्याला काय ऐकू येतंय? म्हून ती घरात शिरली. ह्याला भाईर ढकललं आन् भित आली तिच्यावर. तवा एवढंसं लेकरू त्यो, त्याला काय सांगू?

कलीम : तेवढी अक्षरं गाळू, मावशी. संस्थेकडं राहू द्या, त्याच्या व्हिडिओत नको.

धुरपदाबाई : गाळल्यावर त्याला काय दिसंल?

हर्षाली : तुमचे ओठ हलताना दिसतील. खाली काही नाही.

धुरपदाबाई : मंजी पुन्यांदा तसंच. जल्मभर माज्या तोंडाकडं बघत आलाय त्यो.

कलीम : सोसंल का त्याला?

धुरपदाबाई : मलाबी कुठं सोसतंय? सोताच्या पोरीचं नाव त्यानं अयोध्याच ठिवलंय. कळू द्या त्याला. थकले मी आता हे एकलीनंच वागवून.

हर्षाली : मग ठेवते. पण तो बघंल तेव्हा तुम्ही जवळ बसा. हात धरून.

धुरपदाबाई : बसते की. हात न्हाय धरायची पर. त्यो हातानंच बोलतो.