अळणी भाजी

केमोच्या खोलीबाहेर माझ्या पुढच्याच बाकावर दोघी बसल्या होत्या. एक पहिल्या केमोला आलेली, दुसरीची ही दुसरी वेळ.

"पहिल्या वेळी फार त्रास झाला का हो, ताई?"

"त्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या नि मी अंथरूण धरलं. तोंडाला लोखंडासारखी चव आली, ती अजून गेली नाही."

"मग स्वयंपाक?"

"आठवड्याने लागले करायला. मीठ आपलं अंदाजानं. सासूबाई रोज म्हणायच्या, छान झालंय."

"नशीबवान आहात."

"कसली नशीबवान! बावीस वर्षांत माझ्या हातची एक भाजी त्यांना धड लागली नाही. मला तर शंकाच आली. एक दिवस मुद्दाम मीठच घातलं नाही."

"मग?"

"अळणी भाजी निमूटपणे संपवली की हो! मी सरळ विचारलं, 'डॉक्टर मला न सांगता तुम्हाला काही बोललेत का?' तशा रडायलाच लागल्या. 'नाही गं, पण तुला आता कुठल्या तोंडानं बोलू?'"

"अगंबाई!"

"म्हटलं, बोला. तुम्ही गप्प बसलात की मला मेल्यासारखं वाटतं."

"बोलल्या का मग?"

"आज सकाळी पहिल्याच घासाला ताट सरकवलं. 'ही काय भाजी आहे? नुसतं मीठ!'"

"खरंच खारट झाली होती?"

"मला कुठं कळतंय? पण मी दोन घास जास्त जेवले बघा."