डाग माझ्यात आहे

कोणी नाही हो, दादा. कुठलीच बाई नाही — आधी बसा, असं उभ्याने नका विचारू, समोरच्या दुकानातून बघतायत — त्या खुर्चीवरचे कोट बाजूला — नाही, थांबा, मीच ठेवतो, इस्त्री झालीय त्यांची. हं. बसा. तुम्ही तिचे मोठे भाऊ, तुमचा राग मला कळतो. माझी बहीण अशी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली असती तर मीही आलो असतो, आणि बसलो नसतो. पण तुम्ही म्हणता, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं — काय कबूल केलं? शब्द काय होते? "डाग माझ्यात आहे." बरोबर. हेच म्हणालो, नाकारत नाही. तिने विचारलं, माझं काही चुकतंय का, आणि मी म्हटलं, तुझं काही नाही, डाग माझ्यात आहे, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. आता तुम्हीच सांगा, मी ड्रायक्लीनिंगवाला माणूस. सकाळी शटर वर केल्यापासून माझ्या तोंडात दुसरा शब्द नसतो — डाग कशाचा, डाग कधी पडला, हा जाईल, तो जाणार नाही. ती मला डागतज्ज्ञ म्हणते. म्हणायची. संध्याकाळी इथे बसायची ना काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या शर्टांना तुटकी बटणं लावून द्यायची, आणि माणूस गेला की डागावरून त्याचा दिवस कसा गेला ते सांगायची मला — हा बघा, हा जेवताना फोनवर भांडलाय. आणि मी तिलाच तो शब्द दिला. तिने तो चारित्र्यावर नेला. नेणारच. कोणीही नेईल.

मग कसला डाग. हो, तेच सांगतोय. पंखा वाढवू? इस्त्रीच्या वाफेने इथे फार कोंडतं. दादा, तुम्ही पुरुष आहात म्हणून तुम्हाला सांगतो — म्हणजे पुरुष आहात म्हणूनच खरं तर सांगवत नाहीये. त्वचेचं आहे. अंगावर. म्हणजे हातापायांवर नाही, बघताय काय, तिथे काही नाही — जिथे कायम कपडे असतात तिथे. खाली. बारीक पिवळट दाणे, टाचणीच्या डोक्याएवढे, पुष्कळ. दुखत नाहीत, खाजत नाहीत. वयात आलो तेव्हापासून आहेत. खुर्ची मागे नका सरकवू, लागण नाही होत त्याची. खरंच नाही. मी नाही म्हणत, डॉक्टर म्हणाल्या.

हो, गेलो ना डॉक्टरकडे. पण उशिरा गेलो, आणि भलत्याच कारणाने गेलो. ते येतं पुढे. आधी हे ऐका — मी इतकी वर्षं लग्न का टाळलं असं सगळे विचारायचे. कोणी म्हणायचं, दुकान चांगलं चालतंय, भाव खातो. माझी आई तर समजायची कुठेतरी मन अडकलंय. मन कुठे अडकतंय, मी आरसा टाळत होतो. मग तुमची बहीण भेटली आणि मला नाही म्हणता आलं नाही. मनात ठरवलं, अंधारात कोणाला काय दिसतंय. आणि चाललं तसं. दिवा बंद. नेहमी दिवा बंद. तिने कधी हट्ट केला नाही, एकदाच म्हणाली, कधीतरी तुमचा चेहरा बघायचा असतो हो मला अशा वेळी — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सोडा. ऐकलं नाही असं समजा. तुमची बहीण आहे ती, कळतं मला.

तर एक दिवस वीज गेलेली. आम्ही घरात — वीज गेलेली, बस्स. आणि अचानक दिवे आले. खोलीतल्या दिव्याचं बटण चालूच राहिलं होतं. मी असा उडालो, दादा, चादर ओढून कोपऱ्यात, चोर पकडल्यासारखा. ती आधी हसली. मग माझा चेहरा बघितला आणि हसायची थांबली. तिने काही पाहिलंच नव्हतं हो. मी उडालो हेच तेवढं पाहिलं. तिला वाटलं, तिच्याकडे उजेडात बघवत नाही मला.

मग मी इथे येऊन ते केलं. काय केलं. हसू नका. किंवा हसा, मला चालेल. त्या फळीवर मधली बाटली दिसतेय? गंजाचे डाग काढायचं औषध आहे. पांढऱ्या कपड्यावर लोखंडाचा डाग पडला की त्याशिवाय जात नाही. मी कापसाचा बोळा घेतला, शटर अर्धं खाली ओढलं — हो, लावलं. तिथेच. माझ्या डोक्यात काय होतं विचाराल तर काही नव्हतं, धंद्यातलं डोकं चालत होतं फक्त. एरवी मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगतो, बाई, हा डाग नाही, कापडाच्या सुतातलीच गाठ आहे, घासलीत तर भोक पडेल. तोंडपाठ आहे मला ते. आणि मीच घासत बसलो. आग आग झाली. चालता येईना. घरी सांगितलं पाठ धरलीय, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागलो. हात लावू देईना, कपडे बदलताना कडी लावून घ्यायचो. आता तिच्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात? आधी उजेडात बघत नाही, मग वेगळा झोपतो, मग कडी लावतो. आणि विचारलं तर म्हणतो, डाग माझ्यात आहे. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून परत गेलो तर कपाटाची तिची बाजू रिकामी.

ती गेल्यावर डॉक्टरकडे गेलो, भाजलेलं चिघळलं म्हणून. तरुण आहेत, लांब कुठेतरी शिकून आल्यात, अगदी डोळ्यांत बघून बोलतात, मी आपला त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बघतोय. म्हणाल्या, हे भाजलंय त्याला मलम देते, पण मुळात इथे औषध लावण्यासारखं काही नव्हतंच. तेलाच्या ग्रंथी आहेत. सगळ्यांनाच असतात, काहींच्या वर दिसतात. घरी जाऊन ओठ ताणून आरशात बघा, म्हणाल्या, तिथेही सापडतील. सापडले हो. मी त्याच ओठांनी सगळ्यांशी बोलतोय इतकी वर्षं, कोणी काही म्हटलं नाही. मग त्या म्हणाल्या, बायकोला सांगा सरळ, लिंगावर असे दाणे असतात, काही आजार नाही. दादा, तो शब्द मी आयुष्यात फक्त व्याकरणाच्या तासाला ऐकलाय. लिंग, वचन, विभक्ती. मी त्यांना म्हटलं, मॅडम, हे घरच्या भाषेत कसं सांगायचं? त्यांनी पेन खाली ठेवलं, विचार केला. बराच विचार केला. म्हणाल्या, मी स्वतः आई होईपर्यंत माझ्या आईनेसुद्धा मला कशाचंच नाव सांगितलं नव्हतं. आणि पुढचा पेशंट आत आला.

तरी मी प्रयत्न केला. तुमच्या घरी फोन केला परवा. ती आली नाही फोनवर, तुमच्या आईंनी घेतला. मी हिंमत करून म्हटलं, आई, जे झालं ना, ते अंगावरच्या डागांवरून झालंय. तर आई काय म्हणाल्या असतील? "तिच्या अंगावरचे डाग तिच्या माहेरचे आहेत. एकही परत मिळणार नाही." आणि ठेवला फोन. त्यांच्या बोलण्यात डाग म्हणजे दागिना, त्यांना वाटलं मी दागिने मागतोय. तुम्हाला तेही सांगितलं असेल त्यांनी — बघा, म्हणजे बाहेरख्याली तर होतोच, आता हावराही झालो. मला आधी हसू आलं.

मग आता काय. तेच तर. तुम्हाला सगळं कळलंय. तुम्ही घरी जाऊन सांगाल का तिला? — नाही, मान हलवू नका लगेच, ऐका तर. काय सांगायचंय, एवढंच, की बाई नाही, आजार नाही, तिच्यात काही कमी नाही — पण मग ती विचारणार, काय आहे मग? आणि तुम्ही, सख्खा भाऊ, बहिणीसमोर बसून — नाही. खरंय. कसं सांगाल. वहिनींना सांगा, त्या तिला — त्यांनाही तुम्हालाच सांगावं लागेल. आणि आईंना तर. नाही, मलाच सांगायला हवं, मान्य आहे. तुम्हाला सांगितलं ना आता अख्खं? मघापासून बोलतोय मी. तुम्ही कोण माझे, वर्षातून दोनदा भेटणारे, आणि तुम्हाला सगळं सांगून मोकळा झालो. तिच्यासमोरच तोंडाला कुलूप. तिच्या नजरेत मी डागतज्ज्ञ आहे हो, ते तरी राहू दे असं वाटतं.

कोणाला फोन लावताय? तिला? दादा, नको. आत्ता नको, दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक येईल. थोडं ठरवू द्या मला कसं — उचलला? द्या. द्या इकडे.

हॅलो.

हो, मीच. दादांच्या फोनवरून.

जेवलीस?

हो, मीही. हो. नाही, काही नाही. सहज. दादा आलेत ना, म्हणून.

नाही, काही बोलायचं नव्हतं.

ठेवतो.

घ्या, दादा, तुमचा फोन. आणि निघा आता, मला हे कोट द्यायचेत.