पत्र्यावरून रेड्यावर

(धुळ्यात देवपूरचा एक दवाखाना. आठ वर्षांची वैजू बाहेर बाकावर बसली आहे. आत तिची आई पुष्पा, पुष्पाची सासू म्हणजे वैजूची आजी, आणि मुलांच्या डॉक्टरीणबाई.)

आजी : एकवीरा मायची आन घेऊन सांगते बाई, बठ्ठं, सगळं खरं शे! दिवे लागताना पोरगी पत्र्यावर चढली. तिथून उडी मारली ती थेट शेजारच्या निंबाभाऊच्या रेड्यावर. रेडा उधळला अन घुसला शिंप्याच्या दुकानात. शिंपी टेबलावर, अन रेडा मशीनपुढं, झंपर शिवायला बसल्यासारखा.

डॉक्टर : हे काल झालं?

आजी : परवा बी. परवा रेडा नव्हता, बकरी होती.

पुष्पा : आत्याबाई, रेडा घुसल्याचं मीही ऐकलं. पण वैजूचं नाव कुणी घेतलं नाही.

आजी : आईच्या तोंडावर कोण घेईल? तू येतेस कापसाच्या जिनिंगातून, कामावरून, अंधार पडल्यावर.

डॉक्टर : आजी, नीट आठवून सांगा. तिचं लक्ष एका जागी राहावं म्हणून दिलेली सकाळची एक गोळी संध्याकाळपर्यंत पुरते का, तेच आम्ही तपासतोय. पुरली, तर शाळेत दुपारी दुसरी द्यायला नको. संध्याकाळी तिच्याजवळ तुम्हीच असता.

आजी : नही पुरत. शाळा सुटली की गोळी बी सुटली.

डॉक्टर : गोळी उतरताना ती अशा उड्या मारत असेल, तर दुसरी नकोच; मला हीही बंद करावी लागेल.

पुष्पा : नका हो, बाई. फळ्यावरचं सगळं उतरवून आणते आता. आधी दप्तरच विसरून यायची. मास्तर म्हणत होते, अशीच लिहीत राहिली तर चौथीत घालतो, नाहीतर घरीच ठेवा.

आजी : गोळीचंच कौतुक. आधी कोण बसवायचं तिला? साऱ्या गल्लीला आवरायची नही. मी म्हटलं, एक होता वाघ, त्याला मिशाच नव्हत्या, की मांडी घालून बसायची. मास्तर माणूस धाडायचे मला बोलवायला. आता कोण बोलवतं? त्या गोळीला येते का वाघाची गोष्ट?

डॉक्टर : काल रेड्यावरून उतरल्यावर कोणती सांगितली?

आजी : काल... काल ना...

पुष्पा : आत्याबाई, गोळी बंद झाली तर शाळा कायमची सुटेल तिची.

आजी : जरा पाणी द्या बाई.

डॉक्टर : घ्या. सावकाश सांगा.

आजी : रेडा खरा शे. शिंपी टेबलावर चढला ते बी खरं, कुणालाही विचारा. फक्त रेड्यावर पोरगी नव्हती.

डॉक्टर : मग कुठं होती?

आजी : ओट्यावर, माझ्याच शेजारी. तुरीच्या शेंगा सोलत. रेडा पुढून गेला, तर एकदा पाहिलं, हसली, अन लागली पुन्हा सोलायला. मी म्हटलं, गोष्ट सांगू का? तर म्हणे, "आजी, एवढ्या होऊ दे."

पुष्पा : मग?

आजी : टोपली अजून न सोललेल्या शेंगांनी भरलेली होती, पुष्पे.