दुपारी दोनला जागा होणारा कॉम्प्युटर

दुरुस्तीवाली : म्हणजे तुम्ही झोपवता आणि हा आपोआप उठतो?

आजी : अगं, रोज! दीडला त्याला स्लीपवर टाकते, पंखा थांबलेला कानांनी ऐकते आणि मगच पडायला जाते. चारला उठून बघावं तर पठ्ठ्या टक्क जागा. वर पानही मागचं-पुढचं झालेलं. आठवडा झाला.

दुरुस्तीवाली : मग बंदच का करत नाही?

आजी : बंद केला की पान मिटतं आणि परत शोधण्यात माझा अर्धा तास जातो. झोपवला की जिथं थांबले तिथंच सापडते मी. आठवणी लिहितेय ना, टेलिफोन एक्सचेंजच्या. एकोणचाळीस वर्षं ऑपरेटर होते.

आजोबा : सदतीस.

आजी : शिकाऊ धरून एकोणचाळीस. तुम्ही मध्ये बोलू नका. यांचं मनावर घेऊ नकोस हं, यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही.

आजोबा : मी हातसुद्धा लावत नाही त्याला.

दुरुस्तीवाली : टेबल डुगडुगतंय, आजी. माउस जरासा हलला तरी जागा होतो हा.

आजी : तोही प्रयोग झाला. सोमवारी माउस खणात टाकला. तरी जागा!

दुरुस्तीवाली : काही प्रोग्रॅम वेळ लावून उठवतात, ते बघते. नाही, तसलं काही नाही. बरं, पडदा आपोआप विझायची वेळ कुणी काढून टाकलीय?

आजी : मुलानं. मी विचार करत बसले की अंधार व्हायचा. माझ्या विचारांना वेळ लागतो, बाई.

दुरुस्तीवाली : म्हणून एकदा उठला की उठलेलाच राहतो. पण उठतो का, ते बघायला हवं.

आजी : ते नीट बघ. मुलगा म्हणतो, "आई, तूच झोपवायला विसरतेस." दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही, नुसतं सुनेकडे बघितलं. जन्मभर लोकांचे फोन जोडलेत मी, न बोललेलंही ऐकू येतं मला. आठवणी लिहायला बसलेल्या बाईला कालची दुपार आठवत नाही म्हटल्यावर कसली आठवण आणि कसलं काय! एक तर हा बिघडलाय, नाहीतर मी. काय असेल ते सांगून टाक.

आजोबा : तू कशाला बिघडशील?

आजी : तुम्ही गप्प बसा म्हटलं ना.

दुरुस्तीवाली : हे बघा. हा स्वतःची नोंद ठेवतो. कधी झोपला, कधी उठला, कुणी उठवला. काल झोपला एक एकतीसला. परवा एक अठ्ठावीस. त्याआधी एक तीस. एकही दिवस सुटलेला नाही. तुम्ही रोज झोपवलाय, आजी.

आजी : पुन्हा वाच.

दुरुस्तीवाली : एक एकतीस. एक अठ्ठावीस. एक तीस.

आजी : फोटो काढ याचा. मुलाला पाठव. थांब, सुनेलाही पाठव. अगं, नाचावंसं वाटतंय मला, गुडघे नाही म्हणतात म्हणून! बरं, मग उठवतंय कोण याला?

दुरुस्तीवाली : दोन वाजून तीन मिनिटं, समोरचं बटण. दोन वाजून एक, समोरचं बटण. रोज तेच. आजी, हे बटण बोटानं दाबावं लागतं.

आजोबा : मी चहा टाकतो.

दुरुस्तीवाली : आणि मॉनिटरमागे हा चष्मा मिळाला. तुमचा का?

आजी : माझा गळ्यात आहे. हा तर… अहो! काल दुपारपासून या चष्म्यासाठी घर डोक्यावर घेतलंत ना? इकडे या आधी.

(आजोबा चहाचं भांडं हातात घेऊनच दारात येतात.)

आजोबा : सापडला वाटतं. छान झालं.

आजी : हातसुद्धा लावत नाही म्हणे!

आजोबा : हात नाही, एकच बोट. बटण दाबतो आणि बाणांनी पानं सरकवतो. परत झोपवायचं कसं ते माहीत नाही. तू कूस बदललीस की पलंग वाजतो, मग मी पळतो.

आजी : उठवता येतं, झोपवता येत नाही! ऐकलंस का गं? कामावरून यायचे, झोपलेल्या बाळाला उठवून खेळवायचे आणि ते रडायला लागलं की माझ्या हातात. पन्नास वर्षांत काडीचा फरक नाही. आणि मुलगा मला विसरभोळी ठरवत होता, तेव्हा तोंडाला कुलूप का?

आजोबा : ते मात्र चुकलं माझं. रोज सांगायचं ठरवायचो आणि वाटायचं, आजचं एक पान वाचू, मग सांगू. मागून तू दिलं नसतंस. पुरं झाल्याशिवाय दाखवणार नाही म्हणालीस. मला दम निघेना.

दुरुस्तीवाली : एवढं काय आहे त्यात?

आजी : काय असणार! हे दुसऱ्या गावच्या एक्सचेंजमध्ये होते. तीन वर्षं फोन जोडता जोडता आम्ही एकमेकांचा नुसता आवाज ऐकला. मग स्टेशनवर भेटायचं ठरलं, आणि साहेब पाऊण तास उशिरा. तिथंच अडलेय मी.

आजोबा : एकतिसावं पान. सहा दिवस झाले. आणि ते चुकलंय.

आजी : काही चुकलेलं नाही! घड्याळ होतं समोर.

आजोबा : मी अर्धा तास आधीच आलो होतो. पलीकडच्या बाकावर होतो. तू खिडकीवर गाडीची चौकशी केलीस आणि आवाजावरून मला कळलं.

आजी : मग उठून आला का नाहीत?

आजोबा : तीन वर्षांत आवाजावरून एक चेहरा तयार केला होता मी. खरा त्याहून फार बरा निघाला. धीर गोळा करायला पाऊण तास लागला.

आजी : …आणि हे मला आज सांगताय?

आजोबा : तू आज विचारलंस.

दुरुस्तीवाली : आजी, पासवर्ड घालून देऊ का? मग बटण दाबूनही कुणाला वाचता येणार नाही.

आजी : नको गं, राहू दे. फक्त झोपवायचं कसं ते यांना शिकव. दोन वाजायला किती अवकाश आहे?

दुरुस्तीवाली : चाळीस मिनिटं.

आजी : पुरेत. सरक जरा, बसू दे मला.